भिंत एकदाच उघडावी

जुने घर दुरुस्तीला काढायचे ठरले की घरात एक यादी तयार होऊ लागते. फरशी, रंग, ओटा, खिडक्या, विजेची जोडणी असा तिचा क्रम असतो आणि त्या यादीत दोन गोष्टी बहुधा शेवटी येतात किंवा येतच नाहीत. पहिली म्हणजे घराचा सांगाडा, म्हणजे पाया, भिंती, तुळया आणि स्लॅब यांची आजची अवस्था. दुसरी म्हणजे घरातल्या सर्वांत अशक्त माणसाचा वावर. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, तिथून बाहेरच्या दारापर्यंत आणि दारातून रस्त्यापर्यंत तो कोणाचा हात न धरता जाऊ शकतो का, हा प्रश्न यादी करणाऱ्यांना सहसा सुचत नाही, कारण यादी करणारे स्वतः त्या वाटेवर अडखळत नसतात. फरशीचा रंग निवडण्यात तीन संध्याकाळी खर्ची पडतात. इमारत अभियंत्याची एक तासाची भेट मात्र उगाच वाढवलेला खर्च वाटते.

माझे म्हणणे असे आहे की घर सुरक्षित करणे आणि घर सर्वांना वावरण्याजोगे करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. ती त्याच भिंतींत, त्याच फरशीखाली, बऱ्याचदा त्याच एका कोपऱ्यात करायची असतात आणि एक करताना दुसरे विसरले तर पहिलेही बिघडते. तरीही एकाचा संबंध अभियांत्रिकीशी, दुसऱ्याचा म्हातारपणाशी किंवा आजारपणाशी अशी आपण वाटणी करून टाकली आहे. कायदे, कर्जे आणि अनुदाने यांनीही तीच वाटणी स्वीकारली आहे. ती मोडायला हवी आणि मोडण्याची योग्य वेळ म्हणजे घराची भिंत दुरुस्तीसाठी उघडली जाते तीच.

या बाबतीत कायद्याची नजर आजवर प्रामुख्याने नव्या बांधकामाकडे राहिली आहे. इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांतील सुगम्यतेचा, म्हणजे सर्वांना वावरता यावे यासंबंधीचा, भाग 1999 मध्ये राहत्या घरांना लागू झाला, तो नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांपुरता. अमेरिकेत ‘फेअर हाउसिंग’ या गृहनिर्माणविषयक कायद्यात 1988 मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी इमारतींना सुगम्यतेचे नियम लावले, पण ते चार किंवा अधिक घरे असलेल्या आणि 13 मार्च 1991 नंतर प्रथम वापरात आलेल्या इमारतींना. त्या देशाचा 1990 चा गाजलेला अपंग हक्क कायदा खाजगी राहत्या घराच्या दारातून आत जातच नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या नियमांचेही तसेच आहे: नियम सुधारतात तेव्हा त्यानंतरची घरे सुधारतात. या कायद्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही समाजात एका वर्षात नवी बांधली जाणारी घरे ही उभ्या असलेल्या घरांच्या मानाने मूठभरच असतात, आणि वय झालेली माणसे मोठ्या संख्येने राहतात ती वय झालेल्या घरांतच. म्हणजे नियमांचे संरक्षण नेमके ज्यांना अधिक हवे, त्यांच्यापर्यंत ते सर्वांत उशिरा पोहोचते.

हा उशीर किती महागात पडतो याचे उदाहरण जपानमधील कोबे येथे 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे झालेल्या भूकंपात दिसले. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी बहुतेक घरे कोसळून त्याखाली चिरडली किंवा गुदमरली, आणि मृतांपैकी निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची होती. भूकंप वय विचारून येत नाही, हे खरे. पण जुन्या लाकडी घरांत, जड कौलांच्या छपराखाली, जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावर झोपणारी माणसे म्हातारी होती. जपानने भूकंपरोधक बांधकामाचे नियम 1981 मध्येच कडक केले होते. जी घरे पडली त्यांपैकी बरीच त्याआधीची होती. कोबेच्या सव्वा वर्ष आधी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा, किल्लारी परिसरातील दगडमातीच्या घरांनी वेगळ्या कारणाने तोच घात केला. तिथल्या जाड भिंती प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या थरांच्या होत्या, मधली पोकळी माती आणि दगडांच्या तुकड्यांनी भरलेली होती आणि दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड पुरेसे नव्हते. हादऱ्याने थर फुगून अलग झाले आणि वरचे मातीचे जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत हा समज त्या पहाटे खोटा ठरला, पण अजून पुरता गेलेला नाही.

भूकंप क्वचित येतो, म्हणून त्याचे भय क्वचित वाटते. पडणे मात्र रोजचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांनंतर हेच कारण येते आणि जीवघेण्या पडण्याचे प्रमाण साठीच्या पुढच्या वयात सर्वाधिक आहे. या मृत्यूंची बातमी होत नाही. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, अंथरुण धरले आणि काही महिन्यांनी न्यूमोनियाचे निमित्त झाले, अशी ती हकिगत असते; त्यात उंबरठ्याचा, ओल्या फरशीचा किंवा नसलेल्या कठड्याचा उल्लेख राहत नाही. मृत्यूचे कारण आजाराच्या रकान्यात नोंदले जाते आणि घर निर्दोष सुटते.

घरात केलेल्या साध्या बदलांनी यात फरक पडतो का, याची पद्धतशीर तपासणी न्यूझीलंडमध्ये झाली. तेथील तारानाकी भागात 842 घरांवर केलेल्या आणि 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही घरांत जिन्यांना कठडे, न्हाणीघरात आधाराचे दांडे, पुरेसा उजेड, पायऱ्यांच्या कडांना न घसरणाऱ्या पट्ट्या अशा गोष्टी लगेच बसवल्या आणि उरलेल्या घरांना त्यासाठी थांबावे लागले. ज्या घरांत बदल झाले तिथे घरात पडून वैद्यकीय उपचार घ्यावे लागण्याचे प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी कमी निघाले. या पाहणीत केवळ वृद्ध नव्हते, सर्व वयांची माणसे होती. सुगम घर म्हणजे अपंगांचे किंवा म्हाताऱ्यांचे घर, या कल्पनेला हा आकडा पुरेसे उत्तर आहे असे मला वाटते.

आता ही दोन कामे एकमेकांत कशी गुंतली आहेत ते पाहू. ती गुंतागुंत ध्यानात आल्याशिवाय माझा आग्रह केवळ सदिच्छा वाटेल.

सर्वांत साधे उदाहरण जुन्या फरशीवर नवी फरशी घालण्याचे. उखडण्याचा त्रास आणि राडारोडा वाचतो म्हणून हा मार्ग सर्रास निवडला जातो. मसाला आणि फरशी मिळून पाच सेंटीमीटरचा थर धरला तर चौरस मीटरला सुमारे 100 किलो वजन वाढते. बारा चौरस मीटरच्या खोलीत ते एक टनाच्या वर जाते. राहत्या खोलीच्या स्लॅबचे गणित करताना माणसे आणि सामान यांचा मिळून चौरस मीटरला साधारण 150 ते 200 किलो भार धरण्याची पद्धत आहे. म्हणजे त्यातला निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा या एका निर्णयाने कायमचा खाऊन टाकला जातो, तोही आतल्या सळ्या कोणत्या अवस्थेत आहेत हे न पाहता. हा झाला सांगाड्याचा भाग. त्याच पाच सेंटीमीटरनी खोली आणि न्हाणीघर यांच्यामधला खड्डा पाच सेंटीमीटरनी खोल होतो. जिन्याची खालची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा बुटकी होते आणि वरच्या मजल्यावरही फरशी चढवली असेल तर शेवटची पायरी उंच होते. जिना चढताना पाय पायऱ्या मोजत नाही, तो पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरून उंची शिकतो आणि पुढे तीच गृहीत धरतो. एखादी पायरी वेगळी निघाली की तरणा माणूसही ठेचकाळतो. ज्याचे डोळे अधू आहेत तो कोसळतो. एकाच निर्णयाने घर जड झाले आणि धोक्याचेही, आणि दोन्ही गोष्टी चकचकीत नव्या फरशीखाली झाकल्या गेल्या.

न्हाणीघराबद्दल अधिक सविस्तर बोलले पाहिजे, कारण जुन्या घराचा खरा कस तिथे लागतो. सांगाड्याच्या दृष्टीने घरातली सर्वांत रोगट जागा बहुधा हीच असते. न्हाणीघराचा स्लॅब अनेक ठिकाणी खाली घेतलेला असतो, त्यावर विटांच्या तुकड्यांचा भराव असतो आणि नळ्यांच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी त्या भरावात वर्षानुवर्षे साचून राहते. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते आणि तीच आतल्या सळ्यांवर गंजापासून बचाव करणारा पातळ थर टिकवून ठेवते. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कली संपवतो. त्यात ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी सहापटीपर्यंत असते, आणि त्या दाबाने खालचे काँक्रीट पोपडे धरून सुटते. खालच्या मजल्यावरच्या छताला आपण त्या जागी गिलावा लावतो, रंग देतो आणि प्रश्न मिटला असे समजतो. आत सळई गंजतच राहते. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीनचे द्रावण शिंपडले तर ज्या भागात अल्कली शिल्लक आहे तो गुलाबी होतो आणि उरलेला रंगहीन राहतो; दहा मिनिटांच्या या चाचणीने जे कळते ते रंगाच्या तीन हातांनी झाकता येत नाही.

वावराच्या दृष्टीनेही घरातली सर्वांत धोक्याची जागा हीच. पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला उंचवटा, आत उघडणारे अरुंद दार, गुळगुळीत फरशी आणि धरायला केवळ नळ. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच शरीराने दार अडते आणि मदतीला आलेल्यांना ते तोडावे लागते. ते बाहेर उघडणारे किंवा सरकते करणे हा किरकोळ वाटणारा बदल आहे. पण उंचवटा काढायचा, तर पाणी अडवण्याचे काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवे: फरशीला नाल्याकडे सुमारे 1:50 चा सलग उतार हवा आणि त्याखाली भिंतींवरही चढवलेला जलरोधक थर हवा. म्हणजे व्हीलचेअर किंवा वॉकर सरळ आत जावा यासाठी जे करावे लागते, नेमके तेच स्लॅब वाचवण्यासाठीही करावे लागते. भराव काढला, सळ्या तपासल्या, गंजलेला भाग साफ करून दुरुस्त केला, नवा जलरोधक थर दिला आणि फरशी बिनउंचवट्याची केली, की एका खर्चात दोन्ही कामे होतात. याउलट आधी एका गवंड्याकडून गळती बंद करून घ्यायची आणि चार वर्षांनी आईचा पाय घसरल्यावर दुसऱ्याकडून तोच थर फोडून उंचवटा काढून घ्यायचा, ही पद्धत महाग तर आहेच. शिवाय फोडलेला जलरोधक थर पुन्हा नीट सांधला जाईल याची खात्री कोणी देत नाही.

आधाराच्या दांड्याचेही असेच आहे. तो दिसायला टॉवेल अडकवण्याच्या दांड्यासारखा असतो, म्हणून त्याच्याइतक्याच गांभीर्याने बसवला जातो. तोल जाताना माणूस त्या दांड्यावर जवळजवळ सगळे वजन झटक्याने टाकतो. अमेरिकी मानकांनुसार तो 250 पौंडांचा, म्हणजे सुमारे 113 किलोचा भार पेलणारा असावा लागतो. जुन्या अर्ध्या विटेच्या आडभिंतीत, सुटलेल्या गिलाव्यावर, दोन इंची स्क्रूने बसवलेला दांडा हा भार पेलत नाही. तो हातात येतो. दांडा नसता तर माणूस निदान जपून पाय टाकता. इथे त्याने विश्वास टाकला आणि विश्वासासकट तो पडला. हा दांडा कुठे लावायचा हे वापरणाऱ्याच्या हाताची उंची आणि जोर पाहून ठरते, आणि तो तिथे टिकेल का हे भिंतीवरून. पहिले सांगणारा तज्ज्ञ भिंत ठोकून पाहत नाही, दुसरे सांगणारा वापरणाऱ्याला बसून उठताना पाहत नाही.

दार रुंद करणे आणि उतार बांधणे यांविषयी थोडक्यात. व्हीलचेअरला किमान 800 ते 900 मिलिमीटरची मोकळी रुंदी लागते आणि जुन्या घरांतली आतली दारे बऱ्याचदा त्याहून अरुंद असतात. भार वाहणाऱ्या भिंतीतले दार रुंद करायचे तर वरचे लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी आडवी पट्टी, बदलावे लागते, नव्याला दोन्ही बाजूंना पुरेसा टेका द्यावा लागतो आणि काम चालू असताना वरचा भार टेकूंवर घ्यावा लागतो. सुताराला बोलावून उरकण्याचे हे काम नव्हे. उताराला 1:12 हे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे 45 सेंटीमीटर उंचीच्या जोत्यासाठी 5.4 मीटर लांबी, शिवाय वर-खाली वळायला सपाट जागा. तेवढी जागा नाही म्हणून तीव्र उतार करणारे पुष्कळ आहेत. असा उतार एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना भीती वाटते. तो भिंतीला खेटून मातीचा भराव करून बांधला, तर जमिनीतली ओल अडवण्यासाठी जोत्यात दिलेला थर ओलांडला जातो आणि भिंत ओल धरू लागते. माणसाला घरात आणण्यासाठी केलेल्या वाटेने पाणी घरात येते.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल की हा प्रश्न चांगल्या ठेकेदाराचा आणि जागरूक मालकाचा आहे. यात सार्वजनिक काय? सार्वजनिक आहे ते असे की ज्या व्यवस्था या कामासाठी पैसा किंवा परवानगी देतात, त्यांनीच कामाचे दोन तुकडे केले आहेत. जपानचेच पाहू. तेथे 2000 सालापासून लागू असलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून वृद्धांच्या घरात कठडे बसवणे, उंचसखलपणा काढणे, न घसरणारी फरशी घालणे, सरकती दारे लावणे यांसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. कोबेनंतर 1995 मध्येच जुन्या इमारतींच्या भूकंपरोधक मजबुतीकरणाचाही कायदा झाला. दोन्ही योजना विचारपूर्वक आखलेल्या आहेत. पण एक आरोग्य आणि कल्याण मंत्रालयाकडे, दुसरी भूमी आणि पायाभूत सुविधांच्या मंत्रालयाकडे. कठडा मंजूर करणाऱ्याने ती भिंत भूकंपात उभी राहील का हे विचारावे, किंवा भिंत मजबूत करणाऱ्याने ती उघडी असतानाच दार रुंद करून टाकावे, अशी रचना यातून आपोआप उभी राहत नाही. इतक्या दक्ष देशात ही फट राहते, तर इतरत्र ती दरी असणार.

जोडणी शक्य आहे याचा दाखला सिंगापूरने दिला आहे. तेथील सार्वजनिक गृहनिर्माण मंडळाने जुन्या सदनिकांसाठी 2007 मध्ये सुरू केलेल्या सुधारणा कार्यक्रमात सुटलेले काँक्रीट आणि सांगाड्यातल्या भेगा यांची दुरुस्ती, जुन्या सांडपाण्याच्या नळ्या बदलणे अशी कामे आवश्यक म्हणून धरली आणि नागरिकांसाठी त्यांचा खर्च शासनाने उचलला. 2012 पासून त्याला वृद्धांसाठीच्या बदलांचा कार्यक्रम जोडला गेला: आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, उतार, आणि तेही भरघोस अनुदानावर. घर एकदा उघडले की दोन्ही कामे त्याच फेरीत होऊ शकतात. इमारतीतल्या पात्र कुटुंबांपैकी किमान 75 टक्क्यांनी मतदानाने संमती दिल्यावरच काम सुरू होते, हेही लक्षात घेण्याजोगे. अर्थात त्या इमारती एकाच यंत्रणेने बांधलेल्या, एकसारख्या नकाशांच्या आहेत. सुट्या, वेगवेगळ्या काळात वाढवलेल्या, नकाशा हरवलेल्या कौटुंबिक घरांना तीच पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातले तत्त्व लागू पडते, आणि सुट्या घरांना त्याची गरज उलट अधिक आहे, कारण तिथे नकाशाही नाही आणि विचारायला मंडळही नाही.

म्हणून व्यवस्थेने काय करावे? माझ्या मते सक्तीची जागा अगदी मर्यादित असावी. भार वाहणारी भिंत, कॉलम, तुळई किंवा स्लॅब कापायचा असेल तेव्हा इमारत अभियंत्याच्या तपासणीशिवाय काम होता कामा नये. यात शेजाऱ्याचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याचा जीव गुंतलेला असतो, त्यामुळे खाजगीपणाचा मुद्दा तिथे टिकत नाही. याच्या पलीकडे मात्र दंडापेक्षा पैशाची वाट धरावी. घरदुरुस्तीसाठी सवलतीचे कर्ज किंवा अनुदान जिथे दिले जाते, तिथे पहिली भेट सार्वजनिक खर्चाने व्हावी आणि त्या भेटीला इमारत अभियंता व व्यवसायोपचार तज्ज्ञ (रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता यावेत यासाठी मदत करणारा) दोघे एकाच दिवशी यावेत. एकाने तुळया, भेगा आणि ओल पाहावी, दुसऱ्याने घरातला माणूस उठतो, वळतो, चढतो कसा ते पाहावे, आणि दोघांनी मिळून कामाचा क्रम लिहून द्यावा. पैशाचा पहिला हप्ता सांगाड्याला, शेवटचा रंगाला. आज हे उलट होते: रंग आधी ठरतो, आणि त्याला उरलेल्या पैशांत जे बसेल तेवढीच सुरक्षितता मिळते.

सक्ती का वाढवू नये, याचेही कारण आहे. प्रत्येक दुरुस्तीला अटी जोडल्या तर ज्यांच्याकडे पैसा नाही ते दुरुस्ती थांबवतील किंवा चोरून करतील. चोरून केलेली दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात भेग बुजवलेली असते. भिंतीवर दिसणारी भेग ही खरे तर घराने दिलेली सूचना आहे. सगळ्याच भेगा चिंतेच्या नसतात. गिलाव्यातले केसाएवढे तडे वाळण्याने पडतात. पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी किंवा तुळईच्या खालच्या कडेने लांबवर धावणारी भेग वेगळी. ती बुजवण्याआधी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून काही महिने पाहण्याची जुनी युक्ती आहे: पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. ज्या यंत्रणेच्या भीतीने लोक भेगा लपवू लागतील, ती यंत्रणा घरे सुरक्षित करीत नाही.

पाडून नवे का बांधू नये, असा प्रश्न हमखास येतो. काही घरांना तेच उत्तर योग्य असते आणि अभियंत्याने तसे स्पष्ट सांगितले तर भावनेपोटी तिथे राहू नये. पण पाडणे हा सर्वसाधारण उपाय मानला की त्याची किंमत वृद्ध माणूसच देतो. दोन-तीन वर्षे अनोळखी जागेत काढायची, ओळखीचे दार, ओळखीचे शेजारी, अंधारातही हाताला सापडणारे दिव्याचे बटण सोडायचे. पुष्कळ जण परत येत नाहीत. शिवाय पुनर्बांधणी ‘होणारच आहे’ या आशेवर मधली दहा-बारा वर्षे काहीच दुरुस्ती होत नाही, आणि ही वाट पाहण्याची वर्षेच घराच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची असतात.

यापेक्षा अवघड आक्षेप घरातूनच येतो. ज्या आजोबांसाठी दांडा लावायचा तेच म्हणतात, मला काय धाड भरली आहे, मला दांडे नकोत. यामागे हट्ट असतो असे म्हणून तरुण मंडळी मोकळी होतात. मला तो हट्ट वाटत नाही. स्वतःच्या घराचे रुग्णालय होताना पाहणे हा अपमान आहे, आणि तो बदल आपल्याला न विचारता होणे हा दुसरा. ज्याच्या शरीराची मापे घ्यायची त्याच्याकडे पाठ करून मुलगा आणि ठेकेदार बोलत असतील, तर नकार हा त्या माणसाच्या हाती उरलेला एकमेव अधिकार असतो. कामाचा क्रम ठरवताना त्याला पहिला प्रश्न विचारला पाहिजे, आणि तोही ‘दांडा कुठे लावू’ असा नव्हे. घरात कुठे जायचे तुम्ही हल्ली टाळता, असा. उत्तरे चकित करतात. कोणी गच्चीवर जाणे सोडलेले असते, कोणी रात्री पाणी पिणे. सर्व वयांना उपयोगी पडणारे बदल, म्हणजे रुंद दार, सपाट उंबरठा, लांब मुठीची कडी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायरीची कड दाखवणारा उजेड, हे दुरुस्तीच्या वेळी सरसकट केले, तर त्यांवर आजाराचा शिक्का बसत नाही. साठीच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश असतो; त्या घरात अधिक दिवे लावणे ही दया नाही, निव्वळ हिशेब आहे.

एक अडचण मात्र योजनांच्या कागदांत क्वचित दिसते आणि जुनी घरे तिच्यामुळेच सर्वाधिक अडतात. कौटुंबिक घराचे मालक बऱ्याचदा अनेक असतात. घरात राहतो तो एक, हिस्सा चौघांचा. राहणाऱ्याकडे पैसा नसतो, पैसा असणारा तिथे राहत नसतो, आणि दुरुस्तीला संमती दिली तर राहणाऱ्याचा हक्क बळावेल अशी शंका उरलेल्यांच्या मनात असते. परिणामी घर कोणाचेच नसल्यासारखे खचत जाते. अमेरिकेच्या 1988 च्या त्याच कायदादुरुस्तीत एक तरतूद आहे: अपंग भाडेकरूने स्वखर्चाने घरात आवश्यक आणि वाजवी बदल करायचे ठरवले तर मालकाला ते नाकारता येत नाहीत. परक्या भाडेकरूला मिळू शकणारा हा अधिकार आपल्याच घरात राहणाऱ्या सहहिस्सेदाराला का नसावा? जीवाला धोका टाळणारी सांगाड्याची दुरुस्ती आणि राहणाऱ्याच्या वावरासाठी आवश्यक बदल यांना सर्वांच्या संमतीची अट नसावी, आणि अशा दुरुस्तीने कोणाचा हिस्सा वाढत किंवा घटत नाही हे कायद्याने स्पष्ट लिहून टाकावे. झालेला खर्च वाटणीच्या वेळी हिशेबात धरता येईल. वाटणीचा वाद वीस वर्षे चालू शकतो. गंजलेली तुळई तेवढे थांबत नाही.

शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण ती नियमात घालण्याजोगी आहे. भिंत बंद करण्यापूर्वी, म्हणजे फरशी आणि गिलावा चढण्याआधी, मोजपट्टी धरून तिचे छायाचित्र घ्यावे आणि ते घराच्या कागदपत्रांत ठेवावे. पाण्याच्या नळ्या कुठून गेल्या, वीज कुठून गेली, कोणत्या सळ्या दुरुस्त केल्या, आणि आज गरज नसली तरी पुढे कधी दांडा बसवावा लागेल म्हणून भिंतीत भक्कम लोखंडी पट्टी जमिनीपासून किती उंचीवर पुरून ठेवली, हे सगळे त्यात दिसावे. अनुदानाचा शेवटचा हप्ता हे छायाचित्र पाहूनच द्यावा. पंधरा वर्षांनी कोणीतरी त्या भिंतीसमोर ड्रिल घेऊन उभा राहील तेव्हा त्याला नळी फोडावी लागणार नाही आणि फरशी उखडावी लागणार नाही. मोजून दोन भोके पाडली की काम होईल.